मोकळ्या तारेखालची पट्टी

दुपारची शेवटची पंगत उठून पोरंपोरी क्लासला गेली, की लातूरच्या ट्यूशन एरियातली ती गल्ली कुणी अंगावर पांघरूण घातल्यासारखी गप्प होई. समोरचा झेरॉक्सवाला खुर्चीतच मान टाकून झोपे. वर्षाराणी घासलेली ताटं उन्हाला उपडी लावी, ओटा पुसे, पदराला हात कोरडे करी आणि खिळ्यावरची गिटार काढून मधल्या खोलीच्या दाराशी बसे. ताटांवरचं ऊन छतावर पडून पाण्यासारखं हलत राही. त्या हलत्या उजेडाखाली ती एकेक तार नुसती छेडायची, काही वाजवायची नाही. तार वाजून हळूहळू विरत जाई आणि कुठल्या क्षणी ती विरली हे तिला कधीच सांगता येत नसे.

मेस तिची स्वतःची. नवरा शिवशंकर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात असे; येताना भाजी आणी. बाकी सगळं तिच्या अंगावर. दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी होती आणि ती नुसती गिऱ्हाइकासाठी नव्हती. लिंगायताचं घर, सासू केवळाबाईंच्या गळ्यात लिंग; त्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं.

“काकू, एक दिवस अंडाकरी करा की,” पोरं म्हणायची.

“बाहेर जाऊन खा आन तोंड धुऊन ये,” वर्षाराणी म्हणायची. तेवढ्यावर भागायचं.

गिटार तिची नव्हती. देगलूरकडची शिवांगी तिच्याकडे जेवायला होती. परीक्षा झाली, खोली सोडायचा दिवस आला तेव्हा ती पाठीवर गिटार घेऊन दारात उभी राहिली.

“काकू, ही घरी नेली तर पप्पा म्हणतील, असा अभ्यास केलास व्हय. तुमच्याकडंच राहू द्या.”

“मी काय करू हिचं? लोणचं घालू?”

“भिंतीला लावा. शोभंल.”

म्हणून ती भिंतीला लागली. पुढे किती तरी दिवस तिच्यावर फक्त धूळ बसली. मग एकदा कुकरची शिट्टी झाली आणि शिट्टी थांबल्यावरही खोलीत काहीतरी बारीक गुणगुणत राहिलं. वर्षाराणीला वाटलं, भुंगा शिरला. तिनं फळीच्या मागे बघितलं, खिडकीत बघितलं. पुढच्या शिट्टीला कळलं, की गिटार आपली आपण वाजते आहे. त्या दिवसापासून ती कुकर लावला की भिंतीकडे कान देऊन उभी राहायची. डाळ शिजायची, भात शिजायचा आणि कुणाचा हात न लागता त्या तारा हलक्या आवाजात काहीतरी म्हणायच्या. असं पंधरवडाभर झाल्यावर तिनं नांदेडला महामायाला फोन लावला.

महामाया तिची वसतिगृहातली मैत्रीण. वर्षाराणी मुखेड तालुक्यातल्या खेड्यातून नांदेडला शिकायला आलेली आणि महामाया माहूरच्या बाजूची. महामायाचा मामा भीमगीतांच्या गायन पार्टीत होता. त्याची जुनी गिटार ती वसतिगृहाच्या गच्चीवर वाजवायची आणि वर्षाराणी केस वाळवत ऐकत बसायची. पुढे वर्षाराणीचं लग्न होऊन ती लातूरला आली. महामायानं लग्न केलं नाही. ती नांदेडच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची निदेशक झाली, आई पारूबाईला जवळ आणलं आणि मामाच्या पार्टीत स्वतः वाजवू लागली. वर्षाराणी माहेरी जाताना नांदेडला उतरायची, तिच्याकडे जेवायची, पुढची बस धरायची. महामाया मात्र कधी लातूरला आली नव्हती. कुणी तिला येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं.

“मी शिकले तर चालंल का गं आता?” वर्षाराणीनं विचारलं.

“न चालायला काय झालं? बोटं हायत ना? घेऊन ये तिला. आधी बघू दे.”

महामायानं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि दांडीच्या टोकाशी नजर नेली. तिथं, खुंट्यांच्या खाली, तारा एका आडव्या पट्टीवरून पुढे येतात; तिला नट म्हणतात. बोट न दाबता मोकळी तार वाजवली तर ती त्या पट्टीपासून वाजते. या गिटारीत पट्टीच्या अगदी पुढे आणखी एक फ्रेट, दांडीभर असतात तसली धातूची आडवी कड, ठोकलेला होता. तारा त्याच्यावर टेकत होत्या, पट्टी मागे नुसती त्यांना अंतरावर ठेवत होती.

“झिरो फ्रेट,” महामाया नाक मुरडून म्हणाली. “कंपनीचा आळस हाय निस्ता. पट्टी नीट घासायला नको म्हणून हे ठोकून मोकळे. आन हे बघ, तारांनी खाचा पाडल्यात त्याच्यात. म्हणून तुझी मोकळी तार किरकिर करून राहिली.”

“मग?”

“मग काय? हा उपटून टाकते. त्याच्याच जागंवर चांगली पट्टी बसवते. माझ्या हातची. ठेवून जा.”

पुढच्या खेपेला गिटार मिळाली तेव्हा दांडीच्या टोकाशी पांढरी, किंचित पिवळसर झाक असलेली पट्टी होती. वर्षाराणीनं तिच्यावरून बोट फिरवलं. भिजलेल्या साबुदाण्यासारखी गुळगुळीत. सहा तारांच्या सहा खाचा इतक्या सुबक, की तारा त्यांच्यात झोपल्यासारख्या वाटत होत्या.

“पंधरा दिवस घासली,” महामाया म्हणाली. “जेवायच्या सुट्टीत. पोरं म्हणायची, मॅडम, काय दागिना करून राहिल्या का?”

पट्टी कशाची आहे हे वर्षाराणीनं विचारलं नाही. इतकी सुंदर वस्तू कशाची असेल, असा प्रश्नच तिला पडला नाही.

दुपारी, गल्ली झोपली असताना, महामाया व्हिडिओ कॉलवर शिकवायची. “बोट सरळ नगं ठेवू. वाकव. भाकरी थापताना कशी वाकवतीस?” वर्षाराणीच्या बोटांची टोकं सोलली, मग निबर झाली. तिला चारच कॉर्ड येऊ लागले, पण ते चार एकामागून एक आले की खोली बदलायची. भिंतीवरचं कॅलेंडर, मिरच्यांची पोती, ताटांचा ढीग, सगळं थोडं दूर गेल्यासारखं आणि पाण्याखालून दिसल्यासारखं व्हायचं.

एका सोमवारी आतल्या खोलीतून केवळाबाईंचा आवाज आला. त्या पूजा झाल्यावर शिवाचं भजन म्हणायच्या, एकट्याच, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी त्यांनी वर्षाराणीच्या सुरातच सूर लावला. पुढच्या सोमवारी केवळाबाई स्वतः उठून मधल्या खोलीत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

“ते मघाचं वाजव,” त्या म्हणाल्या. “ते उतरतं बघ सावकाश, जिना उतरल्यासारखं.”

तेव्हापासून सोमवार दोघींचा झाला.

मग चौथी तार तुटली. दुकानातून आणलेली नवी तार जराशी जाड निघाली. ती खाचेत नीट बसेना आणि थरथरू लागली. वर्षाराणीनं फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला.

“काही न्हाई,” महामाया पडद्यातून म्हणाली. “पॉलिशपेपर दुमडून खाचेतनं फिरव. हळू.”

वर्षाराणीनं फिरवला. ओट्यावर पांढरी भुकटी पडली, शेजारीच संध्याकाळच्या भाकरीचं पीठ चाळून ठेवलेलं. आणि वास आला. दाताचा डॉक्टर दाढ कोरतो तेव्हा येतो तसला, करपट. तिचा हात थांबला.

“महामाया, ही कशाची हाय गं?”

“हाडाची. सांगितलं न्हवतं व्हय तुला? सगळ्यात भारी तेच असतंय. पार्सलनं मागवलं मी. प्लास्टिकच्या पट्टीत हा सूर—”

“वर्षे,” आतून केवळाबाईंचा आवाज आला, “काय जळून राहिलं गं?”

“कुकर झाला बघ,” वर्षाराणी फोनला म्हणाली आणि तो बंद केला. कुकर लावलेलाच नव्हता.

केवळाबाई दारात आल्या. ओट्याकडे बघून म्हणाल्या, “पीठ सांडलं व्हय?” आणि त्यांनी हात पुढे केला. वर्षाराणीनं तो मनगटाला धरून थांबवला. सासूला असं धरण्याची ही तिची पहिलीच वेळ. मग तिला सांगावंच लागलं.

केवळाबाई बोटांनी गळ्यातलं लिंग चाचपत राहिल्या.

“आत्याबाई, तिनं मुद्दाम न्हाई—”

“मी कुठं म्हनले मुद्दाम? हाड कुणाचंबी असू दे, माझ्या गळ्यात लिंग हाय. बाहेर ठेव ते.”

त्या कुणी दिलं हे विचारत नव्हत्या. वर्षाराणीला ते कळलं, आणि आपल्याला ते कळलं याचा तिला आधार वाटला. पण महामायाला हे कोण सांगणार? ओटा धुतला, चाळलेलं पीठ गाईला घातलं, डोक्यावरून आंघोळ केली, तरी तो प्रश्न तिथंच होता. गिटार जिन्यात, टाकीखाली. सोमवारी केवळाबाईंनी एकट्यांनीच भजन लावलं आणि निम्म्यातच सोडलं.

वसतिगृहात खोलीत तिसरी एक मुलगी होती. महामाया पाणी प्यायला उठली, की ती आपला तांब्या उचलून फळीवर ठेवायची. काही म्हणायची नाही. नुसता उचलायची, जसं कुणी ओल्या जागेवरून चटई उचलतं. महामाया ते बघायची आणि गच्चीवर जाऊन जोरात वाजवायची. आता हाडाची पट्टी परत केली, तर महामायाला दुसरं काय आठवणार? आणि हाड म्हणजे तिच्या लोकांच्या वाट्याला काय होतं, हे मुखेडकडच्या शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नव्हतं. वर्षाराणीला ती मैत्रीण गमवायची नव्हती. तेवढ्यासाठी तिनं जे केलं ते सगळ्यात वाईट केलं: कुणालाच काही न सांगता पट्टी काढली.

गरम पाण्याचं फडकं दांडीवर धरून, सुरीच्या पाठीनं, जपून. तिच्या जागी टूथब्रशच्या पांढऱ्या दांड्याचा तुकडा घासून बसवला. आणि हाडाची पट्टी? घरात ठेवता येईना. नालीत टाकायला हात होईना. पंधरा दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या होत्या त्या. शेवटी तिनं ती रुमालात गुंडाळून स्कूटीच्या डिकीत ठेवली, पंख्याच्या पावतीखाली. मग ती पट्टी लातूरभर हिंडली. भाजीबाजारात गेली, गॅस एजन्सीत गेली, गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसे घालून आली.

टूथब्रशवर कॉर्ड वाजत होते. वर्षाराणीला वाटलं, भागलं.

“वाजव,” महामाया कॉलवर म्हणाली. वर्षाराणीनं वाजवलं.

“थांब. मोकळी तार दे नुसती. हां. आता तीच पहिल्या फ्रेटवर दाबून दे.” तिनं दिली. दाबलेली तार खणखणीत आली. मोकळी तार ओल्या कपड्यात गुंडाळल्यासारखी. “परत मोकळी.” भद्द. “नट कुठाय, वर्षा?”

वर्षाराणीच्या तोंडून निघून गेलं, “तुटला.”

“हाड असं तुटत न्हाई.”

पडद्यावर महामायाच्या मागे तिची खिडकी दिसत होती, त्यात एक पांढरा पडदा आत-बाहेर होत होता.

“हाड हाय म्हणून काढलं,” महामाया म्हणाली, “का मी दिलं म्हणून?”

आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

त्यानंतर दुपारी फोन आला नाही. वर्षाराणीनं केला तर उचलला गेला नाही. ताटांवरचं ऊन छतावर हलायचं, झेरॉक्सवाला झोपायचा. कुकरची शिट्टी झाली की ती सवयीनं भिंतीकडे कान करायची आणि तिथं रिकामा खिळा असायचा; गिटार परत टाकीखाली गेली होती. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, पण ते देण्याची वेळ जाऊन तिला दिवस झाले होते. केवळाबाई बघत होत्या. एका सकाळी भाकरीला बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “तू नांदेडला जाऊन ये. पंगत मी बघते.”

“तुम्हाला होईल का?”

“तुला होईना झालंय त्याचं काय?”

अहमदपूर, लोहा, मग नांदेड. बसमध्ये गिटार मांडीवर उभी, पर्समध्ये रुमालाची गुंडाळी. बाहेर सोयाबीन काढलेली रानं भुरकट पडली होती; बस आणि ऊन एकाच चालीनं झोकांड्या खात होते, आणि अर्धवट झोपेत वर्षाराणीला वाटत राहिलं, की ही वाट संपूच नये, कारण वाटेवर असेपर्यंत काहीच मोडलेलं नव्हतं.

दार पारूबाईनं उघडलं. “ये गं लेकी. लई दिसांनी. आन हिचं काय बिनसलंय गं? पंधरा दिस झाले, बाजाला हात लावंना.”

महामाया कॉटवर बसून उत्तरपत्रिका तपासत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. वर्षाराणीनं बोलायचं बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून पर्स उघडली आणि रुमाल कॉटवर सोडला. पांढरी पट्टी चादरीच्या फुलांवर पडली.

“माय, तू आत जा बरं,” महामाया घाईनं म्हणाली.

पण पारूबाई पुढे आली होती. तिनं पट्टी उचलली, खिडकीशी धरली, नखानं टोकरली.

“हाड हाय हे.”

“माय—”

“हाड आणलंस तू ह्या घरात?” हे ती वर्षाराणीला विचारत होती. “माझ्या सासऱ्यानं छप्पन साली सगळं सोडलं. मेलेलं ओढणं, सोलणं, हाडं येचून इकणं. गावानं आडाचं पाणी तोडलं, तरी सोडलं ते सोडलंच. तवाधरनं आमच्या दारात हाड आलं न्हाई, आन तू पर्शीतनं घेऊन आलीस?”

मग महामाया हळूच म्हणाली, “तिनं न्हाई आणलं, माय. मी आणलं. त्या टायमाला तुला प्लास्टिक हाय म्हनलं होतं ते हेच.”

“रविवारी मटण येतं की घरात,” तीच पुढे पुटपुटली.

“ते खायचं! हे धंद्याचं.” पारूबाईनं पट्टी कॉटवर टाकली आणि हात धुवायला मोरीत गेली. तांब्या आपटल्याचा आवाज आला.

“तू आईशी खोटं बोललीस?” वर्षाराणीनं विचारलं.

“म्हणून तर वर्कशॉपात घासलं. घरात कुठं घासू देती?” महामायानं पट्टी तळहातावर घेतली. “आज्यानं टाकलं ते बेसच केलं. पण ह्याच्यातनं सूर निघतो म्हनल्यावर मला वाटलं, एकदा घ्यावं हातात. कुणी घे म्हनलं म्हणून न्हाई. माझ्या मर्जीनं.” तिनं पट्टीवरून अंगठा फिरवला. “आन तुझ्या घरात कुणी कामून काढलं?”

“मीच, आत्याबाईंसाठी. त्यांच्या गळ्यात लिंग हाय. घरात अंडं येत न्हाई, तिथं हाड...”

“म्हणजे तुझी म्हातारीबी तेच म्हनली?”

“हाव. हाड कुणाचंबी असू दे, म्हनल्या. बाहेर ठेव.”

महामायाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू होऊ की नको असं. “दोन म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “आन एक हाड.”

“तू दिलं म्हणून तर टाकता आलं न्हाई मला. स्कूटीच्या डिकीत घेऊन हिंडले.”

“डिकीत?”

“मग कुठं ठेवू? घरात न्हाई, दारात न्हाई.”

आता महामाया हसली. पण हसू लवकर संपलं.

“मला राग त्याचा न्हाई,” ती म्हणाली. “तू तुटला म्हनलीस त्याचा हाय. हॉस्टेलात ती पोरगी तांब्या उचलून ठेवायची. तू बघायचीस. एकदाबी काही म्हनली न्हाईस. मला वाटायचं, आज म्हणंल, उद्या म्हणंल. आताबी तसंच केलंस. गप बसलीस.”

वर्षाराणीला म्हणायचं होतं, की मी घाबरत होते, की मी लहान होते, की तुला दुखेल म्हणून. सगळंच खरं होतं आणि त्यातलं काहीच इथं ठेवण्यासारखं नव्हतं.

“हाव,” ती म्हणाली. “गप बसले.”

मोरीतून पारूबाई पदराला हात पुसत आली, दोघींकडे बघितलं, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

चहा झाल्यावर महामायानं गिटार पुढे ओढली. टूथब्रशचा तुकडा बघून तिनं कपाळाला हात लावला. “कोलगेट हाय का कोणता?” मग नखानं तो उचकटून काढला आणि दांडीच्या टोकाकडे बघत बसली.

“मी तो फ्रेट उपटला तीच चूक झाली,” ती म्हणाली. “स्वस्तातल्या गिटारीला असतो म्हणून मला लाज वाटली त्याची. पण बघ, पट्टी असली की मोकळी तार पट्टीच्या मालावर बोलती, हाड असंल तर हाडाचं, प्लास्टिक असंल तर प्लास्टिकचं. बोट दाबलं की धातूवर. दोन आवाज. झिरो फ्रेट असला की मोकळी काय, दाबलेली काय, दोन्ही धातूवरच. एकच आवाज. आन तारा खाली बसतात, तुझ्या बोटांना सोपं जाईल. मागची पट्टी मग निस्ती वाट दाखवायला. ती लाकडाची केली तरी सुराला काही होत न्हाई.”

“मग सगळेच तसं कामून करत न्हाईत?”

“झिजतो ना. तारांचा सगळा भार त्या एकट्यावर. खाचा पडल्या की किरकिर चालू. मग उपटा, नवा ठोका, घासून बाकीच्याच्या बरोबरीला आणा. आन सूर लावताना तार त्याच्यावर करकरती, ते काहींना आवडत न्हाई. पट्टी एकदा बसवली की जल्मभराची. हा तसा न्हाई. ह्याच्याकडं बघत राहावं लागतं.”

अंगणात चादर टाकून ती कामाला बसली. वर्कशॉपमधून आणलेला शिसवीचा तुकडा होता, फ्रेटची तार होती, बारीक कानस होती. पारूबाई भिंतीशी बसून शेंगा सोलत होती. मधूनच ती विचारी, “लाकूडच हाय न्हवं?” आणि महामाया तुकडा तिच्या नाकाशी धरी. दुपार लांबत गेली. कानशीचा आवाज, शेंगांचा आवाज, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी रेडिओ लावलेला, त्यातले शब्द इथवर येईपर्यंत पुसून जात. वर्षाराणी शिसवीच्या काळ्या भुकटीकडे बघत होती. तिला वाटलं, आपण गच्चीवर केस वाळवत बसलो आहोत, अजून काहीच झालेलं नाही. मग वाटलं, नाही, झालेलं बरं आहे.

हाडाची पट्टी महामायानं ऑफिसच्या बॅगेत टाकली. “वर्कशॉपात राहील. तिथं कुणाची सासू येत न्हाई.”

निघताना वर्षाराणी दारात थांबली.

“तू ये लातूरला.”

महामाया गिटारीच्या कव्हरची चेन लावत होती. “कशाला?”

“फ्रेट बघायला. बघत राहावं लागतं म्हनलीस ना.”

“तू घेऊन ये की हिकडं. दरवेळी आणतीसच.”

“न्हाई. तू ये.” वर्षाराणीचा आवाज थोडा मोठा निघाला, शेंगा सोलणारी पारूबाई वर बघू लागली. “माझ्या घरी. जेवायला. इतक्या वर्षांत मी कधी म्हनले न्हाई. आता म्हनते.”

महामायानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहिली.

लातूरला त्या सोमवारी केवळाबाईंनी आधी लाकडाची पट्टी हुंगून बघितली, मग धातूच्या फ्रेटवर नख मारलं, आणि मग बसल्या. भजन या वेळी निम्म्यात सुटलं नाही. महामायाचे दुपारचे फोनही पुन्हा सुरू झाले. वर्षाराणी आता फोन स्पीकरवर ठेवायची, मधल्या खोलीत, केवळाबाईंना ऐकू जाईल असा. दर वेळी शेवटी ती तेच विचारायची, “कधी येतीस?” आणि महामाया काहीतरी कारण सांगायची. परीक्षा. पार्टीचा कार्यक्रम. माय आजारी.

उन्हाळा तोंडावर आला. एकदा महामाया कारण सांगत होती आणि केवळाबाई मध्येच म्हणाल्या, “येऊ दे की तिला. निस्तं हाड नगं आणू म्हणावं.”

वर्षाराणी झटकन फोनकडे वळली. मग फोनमधून हसण्याचा मोठा आवाज आला.

“आजी,” महामाया म्हणाली, “माझी मायबी मला तेच म्हणंल निघताना.”

ती आली ती सोमवारीच. सुट्टीचे दिवस, पोरं कमी, दुपार नेहमीपेक्षा लांब. पोरांच्याच पंगतीत, त्यांच्यासारख्याच ताटात वर्षाराणीनं तिला वाढलं, आणि एका पोरानं सरकून जागा केली. जेवण झाल्यावर महामाया चष्मा चढवून मधल्या खोलीच्या दाराशी बसली, तारा सैल केल्या, बाजूला सारल्या आणि झिरो फ्रेटवरून नख फिरवत गेली. एकदा, परत एकदा, डोळे मिटून.

“खाचा पडायला लागल्यात,” ती म्हणाली. “बारीक बारीक. तू लई दाबून वाजवतीस. भाकरी न्हाई ती.”

“मग बदलायला लागंल?”

“इतक्यात न्हाई. दिवाळीला परत बघते.”

“झालं का गं तुमचं?” केवळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात टाळ. “सोमवार सरून चाललाय.”

“झालं, आजी.” महामायानं तारा जागेवर आणल्या, खुंट्या पिळल्या, तार थोडी करकरली. सूर जुळला. गिटार वर्षाराणीकडे द्यायला तिनं हात लांब केला, पण वर्षाराणीनं ती घेतली नाही.

“तूच वाजव,” ती म्हणाली. “ते उतरतं ते.”

“मला तुमचं भजन कुठं येतंय?”

“आम्हाला तरी कुठं येतंय,” केवळाबाई म्हणाल्या. “तू उतरत जा. मी येते मागनं.”

महामायानं मोकळी तार छेडली.